आम्हाला तीस दिवसांची मुदत, तुम्हाला मुदतच नाही

जून २०२५

प्रति,
मा. पालकमंत्री,
मा. जिल्हाधिकारी,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी

विषय : ठिबक, शेततळं आणि फळबागेचं थकलेलं अनुदान

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात खरीपपूर्व बैठक झाली. तालुक्याहून साहेब आले होते. यंदा ठिबकचे नवीन अर्ज भरा, लॉटरी बंद झाली, आता जो आधी अर्ज करेल त्याला आधी मिळेल, असं त्यांनी सांगितलं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "साहेब, मागच्यांचं काय?" उत्तर आलं, "निधी आला की पडेल खात्यावर." मग चहा आला आणि बैठक संपली. जुनी उधारी तशीच ठेवून नव्या उधारीचं आवतण दिल्यासारखं हे झालं. म्हणून हे पत्र.

मी बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावची. तीन एकर जमीन, सातबारा माझ्या नावावर, म्हणजे तुमच्या भाषेत मी अल्पभूधारक. दिवाळीनंतर आम्ही नवरा-बायको कोयता घेऊन ऊस तोडायला जातो आणि पाडव्याच्या पुढेमागे परत येतो. बाकीचे महिने शेती. गावातल्या बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं, त्यामुळे कुणाचे किती पैसे कशात अडकलेत हे मला जरा जास्तच माहीत आहे. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वरून विचारणा होते आणि ती येऊन पडते आमच्या कृषी सहायक बाईंच्या डोक्यावर. त्यांचा यात दोष नाही. एका बाईकडे किती गावं आणि किती योजना हे तुम्हीच बघा. आता त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय. लॅपटॉप मिळावा म्हणूनही या लोकांना आंदोलन करावं लागलं.

आता माझा हिशेब सांगते. हा हिशेब एकटीचा नाही, पण दुसऱ्यांचा मांडायचा मला अधिकार नाही.

'प्रति थेंब अधिक पीक' या योजनेत अल्प व अत्यल्पभूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. त्यावर राज्य सरकार मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर घालतं. म्हणजे मला ८० टक्के. हे चांगलं आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. इतकी भर घालायला सरकारची इच्छा लागते. कपाशीसारख्या पिकाला, १.२ बाय ०.६ मीटर अंतरावर, हेक्टरी १,२७,५०१ रुपये खर्चाचा मापदंड धरला होता. माझं क्षेत्र दोन एकर. मापदंडाने खर्च १ लाख २ हजार, त्याचे ८० टक्के म्हणजे ८१,६०० रुपये अनुदान. दुकानदाराचं बिल प्रत्यक्षात झालं १ लाख १२ हजारांचं. फिल्टर, सबमेन, व्हेंचुरी, नळ्या, बसवायची मजुरी सगळं धरून.

पूर्वी ठिबकचे दुकानदार शेतकऱ्याचा हिस्सा घेऊन संच देत आणि अनुदानाची वाट स्वतः बघत. आता ते थांबलेत. त्यांनाही कंपनीला पैसे द्यायचे असतात, त्यांचेही जुने अडकलेत. त्यामुळे पूर्ण रक्कम आधी मोजा, मग नळ्या न्या. ६० हजार मी बचत गटातून उचलले, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. ३० हजार मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले, म्हणजे ऊसतोडीच्या आगाऊ मजुरीतले. उरलेल्यात दोन शेळ्या आणि घरातला कापूस गेला. संच बसला २०२३ च्या डिसेंबरात. आज दीड वर्ष झालं, अनुदान आलेलं नाही. मुद्दल तसंच असल्यामुळे गटाला महिन्याला १,२०० रुपये व्याज जातं. दीड वर्षाचे झाले २१,६००. म्हणजे उद्या सकाळी पैसे आले तरी मला मिळणाऱ्या ८१,६०० मधले ६० हजारच माझे. मापदंडाच्या खर्चाशी ताडून बघितलं तर कागदावरचं ८० टक्के अनुदान माझ्या घरात येईस्तोवर ५९ टक्क्यांवर उतरलं. आणि व्याज अजून चालूच आहे.

उचलीचं तर विचारूच नका. सरकारने पाणी वाचवायला सांगितलं म्हणून मी जे पैसे गुंतवले, ते फेडायला मला पुढच्या हंगामात परत फडात जावं लागलं. शेतीत पाणी टिकावं आणि माणसांनी कोयता खाली ठेवावा, हे तुमच्याच भाषणांतलं असतं.

गटाचंही ऐका. गटात बारा बायका. माझ्याकडे अडकलेले ६० हजार म्हणजे कुणाचं तरी थांबलेलं शिलाई मशीन, कुणाच्या पोराची थांबलेली फी. मासिक बैठकीत मी वही उघडली की सगळ्या गप्प असतात. मला कुणी बोलत नाही, हे जास्त जड जातं.

आता मुदतीचं. पूर्वसंमतीचा मेसेज आला की तीस दिवसांच्या आत संच बसवून बिल अपलोड करायचं, नाही तर अर्ज रद्द. मला तो मेसेज आला तेव्हा आम्ही कोल्हापूरकडे फडात होतो. टोळी सोडून मी गावी आले. आमचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मोडला, खाडा पडला, त्याचे पैसे मुकादमाने उचलीतून कापले. रान मोकळं करून घेतलं, दुकानदाराच्या मागे लागले, मुदतीत काम उरकलं. तीस दिवसांचा नियम मला जाचक वाटला, तरी मी पाळला. मुदत असली की कामं होतात, हे खरंच आहे. माझा प्रश्न एवढाच की बिल अपलोड झाल्यानंतर मोका तपासणी, म्हणजे रानात येऊन पाहणी, किती दिवसांत, तपासणीनंतर मंजुरी किती दिवसांत आणि मंजुरीनंतर पैसे किती दिवसांत, हे मला लागू असलेल्या नियमाइतकं कडक कुठं आहे? मी चुकले तर अर्ज रद्द. तुमचं चुकलं तर काय रद्द?

तपासणी आली ती मे महिन्यात. नांगरटीचे दिवस. कपाशीच्या रानात नळ्या कायम पसरून ठेवता येत नाहीत. नांगर घालायचा तर त्या गोळा कराव्या लागतात. मी त्या भेंडोळी करून गोठ्याच्या आढ्याला टांगल्या होत्या, खाली ठेवल्या की उंदीर कुरतडतात. तपासायला आलेल्या माणसाने फोन काढला आणि म्हणाला, "संच जागेवर नाही, फोटो कसा काढू? ॲप रानातलाच फोटो घेतं." त्याचंही बरोबर होतं. भर उन्हात मी आणि सासूबाईंनी त्या नांगरलेल्या ढेकळांवर चार ओळी परत अंथरल्या, मी फिल्टरशेजारी उभी राहिले, तेव्हा फोटो झाला. पाणी नसलेल्या रानात, पीक नसलेल्या ढेकळांवर, ठिबकचा फोटो. डिसेंबरात बसवलेला संच जानेवारीत तपासला असता तर ही वेळ आली नसती.

आमच्या गावात मला तरी निदान परत येता आलं. अर्धं गाव हंगामात बाहेर असतं हे जिल्ह्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक आहे. शाळेची पटसंख्या दिवाळीनंतर निम्मी होते, रेशनच्या पोर्टेबिलिटीची चर्चा होते, निवडणूक आली तर आम्हाला आणायला गाड्याही पाठवल्या जातात. फक्त कृषी योजनेला आम्ही कुठं असतो ते माहीत नसतं. निवड हिवाळ्यात, कागदपत्रं हिवाळ्यात, शेतकऱ्याने संचाजवळ उभं राहून फोटो द्यायचा तोही हिवाळ्यात. शेजारच्या वस्तीवरच्या एकाची निवड झाली होती. मेसेज आला तेव्हा त्याचा फोन कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बॅटरी संपून बंद पडला होता. मुदत गेली, अर्ज रद्द. आता तर पहिला येईल त्याला पहिलं. पहिला येणार कोण? ज्याच्या खिशात फार्मर आयडीपासून सगळं तयार आहे आणि ज्याला ऑनलाइन सेंटर घराशेजारी आहे तो. लॉटरीत निदान नशिबाला गरीब-श्रीमंत कळत नव्हतं. अर्जाचे अधिकृत २३ रुपये ६० पैसे. सेंटरवाले घेतात शंभर-दोनशे, त्यावर मी बोलत नाही, त्यांचाही वेळ जातो.

शेततळ्याचं थोडक्यात. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं तेव्हा कमाल ५० हजार होते, २०२२ मध्ये ते ७५ हजार झाले. वाढवले, चांगलं केलं. पण आमच्याकडे चार फुटांवर मुरूम आणि पुढे काळा पाषाण. पोकलेन तासावर चालतो आणि त्याला डिझेल रोख लागतं. खोदाई आधी, फोटो नंतर, पैसे त्यानंतर कधीतरी. म्हणजे शेततळंही ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याचंच. आमच्या शिवारात झालेली शेततळी कुणाच्या रानात आहेत ते एकदा येऊन बघा, मी काही बोलणार नाही, तुम्हाला दिसेलच.

फळबागेचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे उशीर नुसता पैसे खात नाही, झाडंही खातो. आमचा भाग सीताफळाचा. कमी पाण्यात येणारं, शेळीही तोंड लावत नाही असं हे झाड. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत मिळतं: ५०, ३० आणि २० टक्के. दुसऱ्या वर्षाचा हप्ता हवा तर निदान ८० टक्के झाडं जिवंत पाहिजेत, तिसऱ्या वर्षी ९० टक्के. अट बरोबर आहे. झाडं न जगवता कुणी पैसे का घ्यावेत? पण पहिला हप्ताच वेळेवर पडला नाही तर काय होतं ते सांगते. माझ्या चुलत जावेने २०२३ च्या पावसाळ्यात कलमं लावली. तो पावसाळा कसा गेला ते तुमच्या दप्तरात आहे. पुढच्या उन्हाळ्यात गावाला टँकर होता. कलमांना पाणी विकत घालायचं तर पैसे हवेत, आणि पैसे म्हणजे तोच न आलेला हप्ता. तिने घागरीने घातलं, जमेल तेवढं. पाहणीच्या वेळी जिवंत झाडं टक्केवारीत बसली नाहीत. म्हणजे सरकारचा हप्ता उशिरा आला म्हणून झाड मेलं, आणि झाड मेलं म्हणून सरकारचा पुढचा हप्ता बंद झाला. यात तिची चूक कोणती, हे मला कुणीतरी तिच्या बांधावर येऊन समजावून द्यावं.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्यांना सगळं फुकट हवं. पालकमंत्री महोदय, हा आक्षेप सभांमध्ये ऐकू येतो म्हणून त्याचं उत्तर देते. ठिबकची नळी माझ्या रानात असते, पण तिने वाचवलेलं पाणी माझ्या एकटीच्या विहिरीत राहत नाही. आमचा काळा पाषाण भेगांमधून पाणी धरतो. मी कमी उपसलं तर खालच्या वस्तीवरच्या विहिरीला चार दिवस जास्त पाणी राहतं आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीलाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तशा एका गाडीचा खर्च आणि एका शिवारातल्या ठिबकचा खर्च एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. माती आणि पाणी राखणं हे सार्वजनिक काम आहे, हे सरकारला आजच कळलेलं नाही. बांधबंदिस्तीसाठी मुंबई इलाख्याचा जमीन सुधारणा योजना कायदा १९४२ सालचा आहे. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या आजी-आजोबांनी रोजगार हमीवर पाझर तलाव खोदले. सरकारचं काम म्हणूनच ते काम झालं आणि त्याची मजुरी मिळाली. मग तेच काम मी माझ्या रानात माझ्या पैशाने आधी करून ठेवलं, तर त्याचे पैसे उपकार कसे झाले?

आणि पाणी राखण्याला उशीर होतो तेव्हा दुसरीकडे काय होतं? बोअर. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची गाडी एका फोनवर येते. रात्रभर खडखडाट, सकाळी सहाशे-सातशे फूट भोक तयार. एजंट ओळखीचा असला तर पैसे हंगामावर दिले तरी चालतात. भूजल कायद्यात ६० मीटरची मर्यादा आहे, म्हणजे दोनशे फूट. ती आमच्या तालुक्यात कुणी मोजत नाही. खालचं पाणी ओढून काढणारा माणूस उधारीवर थांबायला तयार आहे आणि वरचं पाणी वाचवा म्हणणारं सरकार मलाच उधार मागतंय. अशाने लोक कुठं वळणार? हिवरे बाजारने बोअरवर बंदी घातली आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, त्याचं कौतुक प्रत्येक प्रशिक्षणात होतं. आम्हीही तिकडे जाऊन आलो, बस कृषी विभागाचीच होती. परतीच्या वाटेवर बसमध्ये सगळ्या बायका ठिबकचंच बोलत होत्या. त्यातल्या काहींनी अर्ज केले. आता त्या माझ्याकडे बघतात.

पैशाला उशीर झाला की भरपाई द्यायची, ही काही नवी कल्पना नाही. आम्ही तोडतो त्या उसाचंच घ्या. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, नाही तर १५ टक्क्यांनी व्याज. कारखाने ते किती पाळतात हा वेगळा विषय, पण नियम आहे, त्यावर भांडता येतं, साखर आयुक्तांकडे जाता येतं. रोजगार हमीच्या कायद्यात मजुरी १५ दिवसांत मिळाली नाही तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई आहे. कारखान्याने शेतकऱ्याला उशीर केला तर व्याज, सरकारने मजुराला उशीर केला तर भरपाई. सरकारने सांगितलेलं काम शेतकऱ्याने करून ठेवलं आणि पैसे थकले, तर मात्र "निधी आला की".

शेवटची तक्रार माहितीची. पोर्टलवर माझ्या अर्जाची स्थिती दिसते, पण माझ्यापुढे किती जण आहेत ते दिसत नाही. कुणाला आधी मिळालं, कुणाला नंतर, का, काहीच कळत नाही. प्रवर्गनिहाय निधी वेगवेगळा येतो, केंद्राचा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के हिस्सा वेगवेगळ्या वेळी येतो, हे मला कृषी सहायक बाईंनी समजावलं, ते पटलं. मग प्रवर्गनिहाय रांग दाखवा. रांग दिसत नाही म्हणूनच गावात कुजबुज होते: अमक्याची ओळख होती, तमक्याने काहीतरी दिलं. माझ्याकडे पुरावा नाही, त्यामुळे मी कुणावर आरोप करत नाही. पण अशी कुजबुज थांबवायचं काम तुमचं आहे, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ (१) (ख), बारावा मुद्दा वाचा: अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक कार्यालयाने न मागता जाहीर करायचं आहे. न मागता. वीस वर्षं झाली त्या कायद्याला. आमच्या पंचायतीच्या फलकावर अजून घरपट्टीच्या नोटिसाच लागतात.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, नव्या अर्जांची मोहीम चालू ठेवा, पण यंदा येणाऱ्या निधीतून आधी तपासणी पूर्ण झालेले जुने प्रस्ताव निकाली काढा, जुन्यापासून नव्याकडे, त्याच क्रमाने.

दोन, बिल अपलोड झाल्यापासून तपासणीला १५ दिवस आणि तपासणीपासून पैसे खात्यावर पडायला ४५ दिवस, अशी मुदत लेखी ठरवा. ही सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित करावी अशी शिफारस जिल्ह्याने शासनाला पाठवावी, म्हणजे अपील कुणाकडे करायचं ते तरी कळेल.

तीन, त्या मुदतीपुढे व्याज द्या. मी पंधरा टक्के मागत नाही. रोजगार हमीतल्या मजुराला जे दिलं तेच द्या. माझ्या ८१,६०० वर ते दिवसाला चाळीस रुपये होतात. सरकारला जड नाही, आणि फाइल ज्या टेबलावर पडून आहे त्या टेबलाला निदान रोजचा आकडा दिसेल.

चार, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तीस दिवसांची मुदत हंगाम संपेपर्यंत थांबवा. कोण जातं याची यादी ग्रामपंचायतीकडे असते. नाही तर घरातल्या दुसऱ्या माणसाला फोटोला उभं राहू द्या. सासू-सासरे घरीच असतात.

पाच, पहिला हप्ता वेळेवर दिला नसेल तर फळबागेच्या जिवंत झाडांची टक्केवारी मोजू नका. नांगी भरायला, म्हणजे मेलेल्या कलमाच्या जागी नवीन लावायला, एक पावसाळा द्या आणि मग मोजा.

सहा, गावनिहाय यादी लावा. नाव, योजना, अर्जाची तारीख, तपासणीची तारीख, मंजूर रक्कम, पैसे पडल्याची तारीख, एवढे सहाच रकाने. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि सातबाऱ्याचं होतं तसं चावडीवाचन करा. खातेक्रमांक, आधार काही नको.

यातल्या पहिल्या आणि सहाव्या मागणीला मुंबईची परवानगी लागत नाही. जिल्ह्यातच होण्यासारख्या आहेत. दुसरी, तिसरी, चौथी आणि पाचवी तुमच्या हातात पूर्णपणे नाहीत हे मला कळतं. त्या तुमच्या सहीने पुढे जाव्यात एवढंच म्हणणं आहे. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, त्यांनी हे त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हे पत्र वाचायला मी सरपंचांची परवानगी घेतली आहे. गटातल्या बारा जणी आणि तपासणी होऊन थांबलेले गावातले इतर शेतकरी त्यावर सह्या करतील. त्याआधी यादी फलकावर लागली तर पत्रातला तो भाग आम्ही वगळू. कृषी सहायक बाईंना कृपया नोटीस काढू नका. उत्तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावाने पाठवलं तरी मला मिळेल.

आपली,
एक अल्पभूधारक शेतकरी, बचत गटाची सचिव